हयातीचा दाखला

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा नीट करून)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आम्ही बोलताना 'आम्ही' म्हणतो, ते मोठेपणा म्हणून नाही. चार पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आणि आपल्या इथल्या हिंदीत 'मैं' कुणी म्हणत नाही, पाच वर्षांचं पोरसुद्धा 'हम' म्हणतं. ती खोड मराठीतही उतरली. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू द्या.

दुसरा खुलासा वक्त्याबद्दल. चिटणिसांनी विषय दिला, 'उतारवयातलं आरोग्य आणि कला'. आम्ही डॉक्टर नाही, गवईही नाही. पॉलिटेक्निकमधला सिव्हिलचा डिप्लोमा आणि राज्य सरकारची बावीस वर्षं नोकरी, एवढंच भांडवल. मैफलीत मान कुठे हलवायची ते शेजारच्याकडे बघून ठरवतो. तरी या विषयावर बोलायचं आम्हीच मागून घेतलं. त्याचं कारण भाषणाच्या मध्यावर येईल आणि ते आम्हाला फारसं शोभणारं नाही.

तर गोष्ट नोव्हेंबरपासून सुरू करू. पेन्शनरांना नोव्हेंबर काही नवा नाही. बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं, हयातीचा दाखला. आता २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं आहे, यंत्रावर अंगठा ठेवला की काम झालं. आमच्या आईला वडिलांच्या मागे फॅमिली पेन्शन मिळते. पहिल्या वर्षी तिला घेऊन गेलो. अंगठा ठेवला, यंत्र म्हणालं जुळत नाही. दुसरा अंगठा, तोही नाही. मग एकेक बोट. काउंटरवरचा मुलगा चांगला होता. म्हणाला, "आंटीजी, भांडी घासून घासून रेषा झिजतात, म्हाताऱ्या बायकांचं असंच होतं, आपण डोळ्याचं करू." डोळ्याचं झालं. आई बाहेर आली आणि रिक्षात बसता बसता म्हणाली, "हातांना काही पुरावाच राहिला नाही बघ."

आम्ही हसलो. ती हसत नव्हती, हे पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

त्याआधीच्या वर्षी वडील गेले होते. तेव्हा आई चौऱ्याहत्तरची. आम्ही भाऊ-बहीण, सुना, नातवंडं, सगळ्यांनी ठरवलं की आता आईनं आराम करायचा. आणि आम्ही तो आराम अगदी सरकारी योजनेसारखा राबवला. स्वयंपाकाला बाई लावली. पापड विकतचे, शेवया विकतच्या. फुलवाती ती करत असे, त्या पाकिटातून येऊ लागल्या. स्वेटर विणू नकोस, डोळे जातील. अंगणात रांगोळी काढू नकोस, गुडघे जातील. तिचा टीव्ही बत्तीस इंची होता, तो त्रेचाळीस इंची केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही अभिमानानं सांगायचो, "आईला इकडची काडी तिकडे करू देत नाही." लोकही म्हणायचे, नशीबवान आहात काकू.

दीड वर्षात ती नशीबवान बाई दुपारी दोनला झोपायला लागली आणि रात्री दोनला जागी. झोपेची गोळी सुरू झाली. आज कोणता वार हे विचारायची, सांगितलं की पुन्हा विचारायची. आम्हाला भीती वाटली ती तुम्हा सगळ्यांना माहीत असलेलीच. दाखवलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, विसरण्याचा आजार दिसत नाही. मग विचारलं, "या दिवसभर करतात काय?" आम्ही म्हणालो, "काहीच नाही." हे आम्ही कौतुकानं सांगितलं! डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पुढे म्हणाले, "त्यांना सोमवार आणि गुरुवारात फरक कशावरून कळावा?"

याचं उत्तर आमच्या कुणाकडेच नव्हतं. ते शेजारून आलं. शेजारची मुलगी नववीत, शाळेत संगीत घेतलं होतं, प्रात्यक्षिक आलं आणि यमनचा आरोह सुरात लागेना. आई लग्नाआधी तीन वर्षं रीतसर गाणं शिकली होती. लग्नानंतर चाळीस-पन्नास वर्षं ते मंगळागौरीपुरतं आणि आरतीपुरतं उरलं. आम्हा मुलांना तर ती शिकलेली आहे हे ऐकूनच ठाऊक होतं. मुलीच्या आईनं सहज विचारलं, काकू, जरा बघाल का? काकूंनी बघितलं. पोरीला पहिल्याच दिवशी तीव्र मध्यमावरून अशी झापली की आम्ही बाहेरच्या खोलीत दचकलो. पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. सोमवार आणि गुरुवार ठरले.

पुढे जे झालं ते वाढवून सांगणार नाही, कारण अशा कहाण्या मोबाइलवर रोज येतात आणि त्यात शेवटी आजी पळायला लागते. आमच्या आईचे गुडघे होते तसेच आहेत. बीपीची गोळी होती तीच आहे. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली, त्यात दुपारची झोप मोडल्याचा वाटा मोठा असणार. पण ती पहाटे उठून मोबाइलमधला तानपुरा लावू लागली. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरीचा आवाज लागतो, माझाच बसलाय. तिच्यासमोर फजिती नको." सत्त्याहत्तराव्या वर्षी उद्या फजिती होईल याची काळजी! तिला बरं वाटतंय हे आम्हाला त्या काळजीवरून कळलं. आणि कोणता वार हे आता आम्ही तिला विचारतो.

आता हे ग्वाल्हेरात सांगायचं म्हणजे काशीत गंगेचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. या शहरात म्हातारपणी कला सोडायची असते हे कुणी, कधी शिकवलं? पंडित कृष्णराव शंकर पंडितांना तुमच्यापैकी कितीतरी जणांनी समोर बसून ऐकलं आहे. ते गेले तेव्हा आम्ही शाळेत होतो, घरातली मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती एवढंच आठवतं. जन्म १८९३, निधन १९८९. १९१४ साली, म्हणजे विशीत, त्यांनी लष्करात गाण्याचं विद्यालय काढलं. १९७३ साली पद्मभूषण, १९८० साली तानसेन सन्मान, तेव्हा वय सत्त्याऐंशी. गाण्यामुळे ते शहाण्णव वर्षं जगले असा दावा आम्ही करणार नाही. तरुण वयात गेलेले गवईही आपल्या घराण्यात आहेत, त्यांची नावं कुणी अशा भाषणात घेत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या शहाण्णव वर्षांत त्यांच्याकडे कुणीतरी शिकायला येणार असायचं. घराणं म्हणजे दुसरं काय असतं? पुढच्या पिढीला म्हाताऱ्याची गरज पडेल अशी केलेली व्यवस्था. जी चीज पुस्तकात नाही, ती काकांच्या गळ्यात आहे, म्हणून काकांना दोनदा चहा विचारला जातो. आमच्या व्यवहारी डोक्याला घराण्याची ही बाजू फार पटते.

भातखंड्यांचंही तसंच. ते मुळात वकील. बायको गेली, मुलगी गेली. वकिली आवरली आणि गावोगाव फिरून चिजा गोळा केल्या. माधवराव महाराजांनी इथले काही गवई त्यांच्याकडे मुंबईला शिकायला पाठवले, त्यात राजाभैया पूछवाले होते. १९१८ साली आपलं माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा भातखंडे सत्तावन्न वर्षांचे. लखनौचं कॉलेज १९२६ साली निघालं, तेव्हा पासष्टी ओलांडलेली. आपल्या राज्य सरकारात बासष्टला निरोपसमारंभ होतो, हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसची पासवर्डसुद्धा बदलते. भातखंडे गेले तो दिवस १९ सप्टेंबर १९३६, गणेश चतुर्थीचा. आपल्या उत्सवात त्यांच्या फोटोला एक हार असायला हरकत नाही, हे जाता जाता कार्यकारिणीला सुचवून ठेवतो.

कुणी म्हणेल, ही मोठी माणसं, जन्मभर त्यातच होती. आम्ही ज्ञानेश्वरीचं पारायण आणि भाजीची निवडणूक यापलीकडे काही केलं नाही, आता काय शिकणार? त्यांच्यासाठी आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. उमरिया जिल्ह्यात लोढ़ा नावाचं गाव. तिथल्या जोधइया बाई बैगा. नवरा गेला, मुलं वाढवायची, जन्म मजुरीत गेला. शाळा नाही. सत्तरीच्या आसपास, गावात आशीष स्वामी नावाचे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार कलाकेंद्र चालवत होते, त्यांनी बाईंच्या हातात रंग दिले. बाईंनी आपल्या बैगा घरांच्या भिंतींवरचं, जंगलातलं, देवदेवतांचं जे डोळ्यांत होतं ते कागदावर आणलं. त्यांची चित्रं परदेशात गेली, २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या वारल्या.

आणि लांबचं एक, कारण ते आमच्या आईला फार आवडलं. अमेरिकेत ॲना मेरी मोझेस नावाची शेतकऱ्याची बायको होती, लोक तिला ग्रँडमा मोझेस म्हणत. जन्म १८६०, म्हणजे आपल्या भातखंड्यांच्याच वर्षी. ती भरतकाम करायची. संधिवातानं बोटं धरली, सुई धरवेना. तेव्हा सुईपेक्षा कुंचला धरायला सोपा म्हणून ती सत्तरीच्या शेवटी चित्रं काढू लागली. गावातल्या औषधाच्या दुकानात ती चित्रं टांगलेली होती, १९३८ साली एका संग्राहकानं बघितली आणि नाव झालं. एकशे एकव्या वर्षी ती गेली. आई म्हणाली, "म्हणजे हात गेले म्हणून तिनं हात बदलला नाही, काम बदललं." याहून चांगलं आम्हाला सांगता येणार नाही, पुढे जाऊ.

आता थोडं अभ्यासाचं, कारण समोर दोन निवृत्त प्राध्यापक बसले आहेत आणि त्यांची वही उघडी आहे. अमेरिकेत जीन कोहेन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००१ साली असा प्रयोग सुरू केला. तीन शहरांत मिळून सुमारे तीनशे ज्येष्ठ. वॉशिंग्टनच्या गटात १६६ जण, सरासरी वय ऐंशीच्या जवळपास. त्यातल्या काहींनी दर आठवड्याला समूहगायन शिकायचं, शिकवायला चांगला व्यावसायिक शिक्षक, आणि अधूनमधून लोकांसमोर कार्यक्रम करायचा. बाकीच्यांनी आपलं नेहमीचं आयुष्य जगायचं. वर्षानंतर गाणाऱ्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या कमी, औषधं कमी, पडण्याचे प्रसंग कमी, एकटेपणा कमी. हे ऐकून आम्ही खूश झालो होतो. पण ते दोन गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, म्हणजे मुळात उत्साही माणसंच गाण्याच्या गटात गेली असतील असं म्हणायला जागा राहते.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जास्त काटेकोर प्रयोग झाला, बारा ज्येष्ठ नागरिक केंद्रं आणि ३९० माणसं. तिथे कोणत्या केंद्रात गाणं आधी आणि कोणत्यात नंतर, हे नशिबावर सोडलं होतं. सहा महिन्यांनी काय निघालं? स्मरणशक्तीत फरक नाही. चालण्या-बसण्याच्या ताकदीत फरक नाही. दवाखान्याच्या खर्चातही नाही. फरक दोनच गोष्टींत पडला, एकटेपणा कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला.

आम्ही हे वाचलं तेव्हा आधी निराश झालो आणि मग वाटलं, अरे, आमच्या घरी जे झालं ते तंतोतंत हेच आहे. गुडघे तेच, बीपी तेच, वार मात्र कळायला लागला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली तीन हजारांहून जास्त अभ्यास चाळून कला आणि आरोग्य यांवर अहवाल काढला, त्यातही कलेचा उपयोग आहे असंच म्हटलं आहे. पण कुणी तुम्हाला भजनानं साखर उतरते असं सांगितलं, तर भजन करा आणि साखरेची गोळीही घ्या. एकटेपणा कमी होणं ही लहान गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी लष्करातल्या जुन्या वाड्यांत दुपारी तीन वाजता एक फेरी मारावी. मुलगा बंगळुरात, मुलगी न्यू जर्सीत, खाली कुलूपबंद दुकान, वर एक आजोबा आणि चालू असलेला टीव्ही. टीव्ही कुणी बघत नसतं, आवाज हवा असतो.

आता ते न शोभणारं कारण.

आईकडे येणारी एक मुलगी, तिच्या मागून तिची आजी आली, मग गल्लीतल्या दोघी. असं करत करत गेल्या वर्षी आठ-नऊ जणींचा भजनाचा गट झाला. सगळ्यात लहान चौसष्ट, सगळ्यात मोठ्या एक्याऐंशीच्या. दोन महिने आमच्या बाहेरच्या खोलीत तालीम. पाच भजनं, एक भारूड, मध्ये दोन वाक्यांचं निवेदन, एकीनं तर चष्म्याला नवीन दोरी करून घेतली. गणेशोत्सवात पाचव्या दिवशी त्यांना पस्तीस मिनिटं दिली होती. सांस्कृतिक समितीत आम्हीच होतो, वेळापत्रक आमच्याच हातचं.

त्या दिवशी कार्यक्रम सव्वा तास उशिरा सुरू झाला. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. आणि बाहेर भाड्यानं आणलेला ऑर्केस्ट्रा तयार उभा, त्यांना दहाला बंद करायचं होतं. कुणीतरी म्हणालं, बायकांचं भजन जरा आवरतं घ्या. आम्ही चिठ्ठी लिहिली, 'दोन मिनिटांत संपवा', आणि व्यासपीठावर पाठवली. दुसरं भजन चालू होतं. आईनं चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, अंतरा अर्ध्यावर सोडला, हात जोडले. बाकीच्या जणींना कळेना काय झालं. एक मावशी पुढची ओळ एकटीच गात राहिल्या, मग त्याही थांबल्या. भारूड झालंच नाही. त्यांच्यापैकी तिघींचा पंधरा मिनिटांपूर्वीच शाल देऊन सन्मान झाला होता.

घरी आल्यावर आम्ही सारवासारव करायला लागलो. आई म्हणाली, "ऑर्केस्ट्रावाल्यांचे पैसे दिले होते ना? मग बरोबर आहे." आणि जेवायला वाढलं. एवढंच. पण गट पुढे चार महिने जमला नाही. ज्याच्या त्याच्या घरी काही ना काही निघत राहिलं. डिसेंबरात तानसेन समारोहाला आईला समाधीवर घेऊन गेलो, सकाळी ढोलीबुवा महाराजांची हरिकथा ऐकली. हरिकथा आणि मिलाद झाल्याशिवाय तिथे समारोह सुरूच होत नाही, कितीही मोठे कलावंत संध्याकाळी येणार असोत. आई परतताना काही बोलली नाही. आम्हालाच वाटलं की ती बोलते आहे.

म्हणून आज मंडळासमोर आम्ही उभे आहोत. ज्येष्ठांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, पुढच्या रांगेत सोफा टाकतो, माळ घालतो, फोटो काढतो. त्यांना प्रेक्षक म्हणून फार मान देतो. या वर्षी आमचं मागणं आहे की पाचव्या दिवसाचा पहिला कार्यक्रम त्यांचा, पंचेचाळीस मिनिटं, भाषणांच्या आधी. आणि वेळापत्रक करणाऱ्या समितीत त्यांच्यातल्या दोघी. चिठ्ठी पाठवायची झाली तर त्या आम्हाला पाठवतील.

उत्सव तर दहा दिवसांचा. उरलेल्या दिवसांसाठी गुरुवारी दुपारी साडेचार ते सहा मंडळाची जागा हवी. फक्त गाण्यासाठी नव्हे. आपल्यात एक काका आहेत, त्यांना मोडी वाचता येते, त्यांच्याकडे आजोबांच्या काळच्या दरबारी कागदांचं गाठोडं आहे, आणि त्यांच्या नंतर ते कुणाला लागणार नाही. एक आत्या पुरणाच्या दिव्यांपासून रुखवतातल्या सगळ्या वस्तू करतात, त्यांना शिकायला चार मुली हव्यात. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या दोघी आहेत. ज्यांना काहीच येत नाही असं वाटतं त्यांनी शिकायला यावं, शिकणाऱ्याशिवाय शिकवणाऱ्याचा दिवस उगवत नाही. एकच अट, येऊन नुसतं बसायचं नाही.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. आता आमच्या धंद्यातलं सांगतो, कारण गाडं इथेच अडतं.

आपला हॉल पहिल्या मजल्यावर. गेल्या रविवारी आम्ही टेप घेऊन गेलो. एकवीस पायऱ्या. पायरीची उंची सहा इंच असली तर म्हाताऱ्या माणसाला चढता येतं. आपल्या पायऱ्या साडेसात, काही आठ, आणि शेवटची तर नऊ. असमान पायरी ही उंच पायरीपेक्षा वाईट, कारण पाय सवयीनं पडतो. कठडा एकाच बाजूला आहे आणि तो चढताना डावीकडे येतो, उतरताना उजवीकडे. ज्यांचा एक हात किंवा एक गुडघा अधू आहे ते चढतील तरी किंवा उतरतील तरी, दोन्ही नाही. जिन्यात दिवा एक. तीन वर्षांत ज्या ज्येष्ठ सभासदांनी येणं बंद केलं, त्यांची यादी आम्ही करून बघितली. आपण म्हणत होतो त्यांना आता रस राहिला नाही. त्यातल्या सात जणांना फोन केला. पाच जण म्हणाले, जिना.

लिफ्ट आपल्याला परवडणार नाही. पण तळमजल्यावर ती सामानाची खोली आहे, मखराचे सांगाडे, फुटके ढोल, १९९० पासूनची सतरंजी. ती रिकामी केली तर तीस माणसं आरामात बसतात. दाराशी जोतं दीड फुटाचं. चाकाची खुर्ची आणि काठीवालं माणूस दोघांना चालेल असा उतार एक फुटाला बारा फूट लागतो, म्हणजे दीड फुटाला अठरा. अंगणात एकवीस फूट जागा आहे, मोजली आहे. मोटारसायकली तिकडे गेटजवळ लावाव्या लागतील, तरुण मंडळींनी तोंडं वाकडी करू नयेत. दोन्ही बाजूंना तीन फूट उंचीचा पाइपचा कठडा. आत हाताच्या खुर्च्या दहा, कारण हात नसलेल्या खुर्चीवरून उठता येत नाही. पेटीवाल्यांसाठी बिनहाताच्या चार. संडास इंग्लिश पद्धतीचा, शेजारी पकडायला दांडी. भजनांच्या ओळी जाड अक्षरात छापून. माइक एकच आणि चांगला, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या बाजूला स्पीकर. एका ई-रिक्षावाल्याशी बोलणी केली आहेत, दौलतगंज, माधौगंज आणि फालका बाजार अशी फेरी करून तो गुरुवारी माणसं आणेल आणि पोचवेल.

खर्चाचा अंदाज खजिनदारांकडे दिला आहे. ऑर्केस्ट्राला गेल्या वर्षी जेवढे दिले त्याहून कमी आहे. ते आकडे बघून खजिनदार काही वेळ गप्प होते.

आईला हे सगळं सांगितलं. म्हटलं, या वर्षी पहिला कार्यक्रम तुमचा, पंचेचाळीस मिनिटं, मी स्वतः बघतो. ती म्हणाली, "तू बघतोस म्हणूनच भीती वाटते." मग म्हणाली, गट जमवायचा की नाही ते ती कठडा बघून सांगेल. आधी कठडा, मग गाणं. सरकारी माणसाच्या बायकोला आणि सरकारी माणसाच्या आईला आश्वासनाची किंमत बरोबर ठाऊक असते.

तर पाइप येऊन पडला आहे. सिमेंटच्या दोन गोण्या आमच्या जिन्याखाली आहेत. सामानाची खोली येत्या रविवारी सकाळी आठला रिकामी करायची, हातमोजे आणा, विंचू निघतात. वेल्डर सोमवारी येतो म्हणाला आहे, म्हणजे बुधवारी येईल. रंग चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात होईल, पावसात तो लवकर वाळणार नाही, तेव्हा पहिल्या गुरुवारी येणाऱ्यांनी कठडा धरताना जरा चांगली साडी आणि पांढरा झब्बा सांभाळावा.